पिवळी पट्टी रांगेसाठी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत टोकियो शहराविषयी आलेला प्रवासलेख मी आवडीने वाचला. गाड्यांचा वक्तशीरपणा, रस्त्यांची स्वच्छता, एवढ्या गर्दीतही टिकून असलेली शांतता असे जे जे तिथे जाऊन आलेल्या प्रत्येकाला सांगावेसे वाटते, ते सारे त्यात नेमकेपणाने आले होते आणि त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. माझे म्हणणे आहे ते लेखासोबतच्या एका छायाचित्राखाली छापलेल्या ओळीबद्दल. रेल्वेच्या फलाटाच्या त्या छायाचित्रात एक पिवळी पट्टी लांबवर गेलेली दिसते आणि खाली छापले आहे की, प्रवाशांनी शिस्तीत, रांगेने चालावे म्हणून तिथे अशा पट्ट्या आखलेल्या असतात. ही माहिती चुकीची आहे. ती पट्टी रंगाने आखलेली नाही, उंचवटे असलेल्या फरशांची आहे, आणि डोळस प्रवाशांच्या शिस्तीशी तिचा काडीचाही संबंध नाही. ज्यांना दिसत नाही किंवा फारच अंधुक दिसते, अशांना पायाने आणि पांढऱ्या काठीने वाट कळावी म्हणून ती बसवलेली आहे.

एवढे दोन ओळींत कळवून मला थांबता आले असते. परंतु त्याच पट्टीच्या कडेने मी नुकतीच आठ दिवस चालून आले आहे आणि तिच्याविषयी जे कळले ते दोन ओळींत मावणारे नाही, म्हणून आपल्या सदराची थोडी अधिक जागा मागते.

अंध वाचकांसाठी ब्रेल आणि ध्वनिमुद्रित पुस्तके तयार करणाऱ्या एका ग्रंथालयात मी काम करते. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांपर्यंत पुस्तके कशी पोहोचवावीत, या विषयावरची एक आंतरराष्ट्रीय परिषद ऑक्टोबरात टोकियोत भरली होती. आमच्या ग्रंथालयाचे ज्येष्ठ सल्लागार, जे निवृत्त शिक्षक आहेत आणि लहानपणापासून पूर्णपणे अंध आहेत, त्यांचा शालेय गणिताच्या ब्रेल पुस्तकांवरील निबंध तिथे स्वीकारला गेला होता. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो, आणि या पत्रातही तेच म्हणते. त्यांच्यासोबत कोणीतरी जायला हवे होते, म्हणून माझी वर्णी लागली. परिषद पाच दिवसांची होती. पुढचे तीन दिवस आम्ही पदरमोड करून राहिलो.

जाण्यापूर्वी त्या फरशा कशासाठी असतात, हे मला अर्थातच ठाऊक होते. ती पट्टी मजकुरासारखी वाचायची असते, तिलाही विराम असतात आणि तिच्यातही छपाईच्या चुका निघतात, हे मात्र मला तिथे कळले.

पहिल्या संध्याकाळची गोष्ट सांगते. विमानतळावरून शहरात येऊन आम्ही एका मोठ्या स्थानकात उतरलो तेव्हा कार्यालये सुटण्याची वेळ होती. सर नेहमीप्रमाणे माझे कोपर धरून अर्धे पाऊल मागे चालत होते आणि मी दोन्ही हातांत सामान घेऊन, माथ्यावरचे फलक वाचत, गोंधळून चालत होते. मध्येच त्यांनी माझे कोपर सोडले. मी दचकून मागे वळले, तर ते स्थिर उभे होते आणि काठीचे टोक जमिनीवर हळूहळू आडवे फिरवत होते. मग त्यांनी बुटाचा तळवा त्या फरशीवर सावकाश घासला, दोन पावले पुढे गेले, पुन्हा घासला आणि म्हणाले, "आता तुम्ही माझ्यामागून या." पुढची काही मिनिटे, त्या लोंढ्यातून, मी त्यांच्यामागून चालले. जिथे वाट फुटत होती तिथे ते थांबत, काठीने तिन्ही दिशा चाचपत आणि मला विचारत, "डावीकडे काय लिहिले आहे?" एवढे वाचून दाखवणे हेच माझे काम उरले होते.

या फरशा दोनच प्रकारच्या असतात. एकीवर लांबट, समांतर पट्ट्या उमटलेल्या असतात आणि त्यांचा अर्थ "या दिशेने चला" असा होतो. दुसरीवर गोल ठिपके असतात आणि त्यांचा अर्थ "थांबा, इथे काहीतरी आहे" असा होतो. ते काहीतरी म्हणजे जिना, रस्त्याची कड, वळण, दरवाजा किंवा फलाटाचा काठ. जपानच्या मानकानुसार फरशी साधारण ३० सेंटीमीटर चौरस असते, तिच्यावर किमान चार पट्ट्या किंवा किमान पंचवीस ठिपके असतात आणि त्यांची उंची ५ मिलिमीटर असते. बुटाच्या तळातून जाणवावे, पण अडखळून पडू नये, एवढीच ती उंची. रंग पिवळा असतो, कारण अंध म्हणवणाऱ्या अनेकांना थोडे तरी दिसत असते आणि राखाडी जमिनीवर पिवळा रंग त्यांना शेवटपर्यंत साथ देतो.

ही कल्पना ज्यांची, त्यांचे नाव सेइइची मियाके. ते इंजिनिअर नव्हते की सरकारी अधिकारीही नव्हते. ओकायामा शहरात त्यांची प्रवाशांना उतरण्याची खाणावळवजा जागा होती. एका मित्राची दृष्टी जाऊ लागली होती आणि पांढरी काठी घेतलेला एक माणूस रस्ता ओलांडताना गाडीखाली येता येता वाचलेला त्यांनी पाहिला होता. या दोन्ही गोष्टींनी त्यांना अस्वस्थ केले. १९६५ मध्ये त्यांनी ही फरशी तयार केली आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामातील अंधशाळेजवळच्या एका चौकात अशा २३० फरशा बसवल्या गेल्या. सुरुवातीच्या काळात कोणी त्या विकत घेत नव्हते, तेव्हा मियाके यांनी स्वतःच्या खर्चाने त्या बनवून गावोगावी फुकट वाटल्या. पुढे त्या इतक्या पसरल्या की प्रत्येक गावाने आपापल्या आकाराच्या आणि मापाच्या फरशा पाडायला सुरुवात केली आणि परगावी गेलेल्या अंध माणसाची पंचाईत होऊ लागली, म्हणून २००१ मध्ये जपानला त्यांचे मानक ठरवावे लागले. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही आले. जपानीत या फरशांना तेनजी ब्लॉक म्हणतात. तेनजी म्हणजे ठिपक्यांची अक्षरे, अर्थात ब्रेल. वाटेलाच लिपी म्हणणारे हे नाव सरांना फार आवडले.

आता आपण ज्याचे छायाचित्र छापले त्या फलाटाकडे वळते, कारण तिथली पट्टी ही सर्वांत नाजूक गोष्ट आहे. फलाटाच्या काठाला समांतर ठिपक्यांच्या फरशांची ओळ असते. प्रथमदर्शनी एवढे पुरेसे वाटते. परंतु गर्दीत कोणाचा धक्का लागला, माणूस एकदा गरकन फिरला आणि ठिपक्यांवर उभा राहिला, तर रूळ आपल्या उजव्या हाताला की डाव्या हाताला, हे त्याला त्या ठिपक्यांवरून कसे कळावे? ठिपके दोन्ही बाजूंनी सारखेच. म्हणून आता या ओळीला, फलाटाच्या आतल्या अंगाने, एक लांब सलग उंचवटा जोडलेला असतो. पायाला आधी उंचवटा आणि मग ठिपके लागले तर पुढे रूळ आहेत. आधी ठिपके आणि मग उंचवटा लागला तर आपण सुरक्षित बाजूला सरकत आहोत. मी त्या फलाटांवरून चार दिवस ये-जा केल्यावरही ही रेघ माझ्या लक्षात आली नव्हती. सरांनी ती पायाने शोधून काढली आणि मग परिषदेतल्या एका जपानी ग्रंथपाल बाईंना विचारून तिचा अर्थ पक्का करून घेतला.

त्याच बाईंच्या सांगण्यावरून आम्ही ताकादानोबाबा या स्थानकावर गेलो. जपानचे मोठे ब्रेल ग्रंथालय त्याच भागात आहे आणि त्यामुळे तिथे पांढरी काठी घेतलेली माणसे नेहमी दिसतात. १ फेब्रुवारी १९७३ रोजी याच स्थानकाच्या फलाटावरून एक अंध गृहस्थ खाली पडले आणि गाडीखाली सापडून मरण पावले. आसपासच्या रस्त्यांवर पिवळ्या फरशा आल्या होत्या, पण फलाटावर त्या नव्हत्या. घरच्यांनी तेव्हाच्या सरकारी रेल्वेवर दावा लावला आणि ते प्रकरण १९८६ मध्ये तडजोडीने मिटले. म्हणजे आज जी पट्टी परदेशी पाहुण्याला शहराच्या टापटिपीचा भाग वाटते, तिच्यामागे एक मृत्यू आहे, कोर्टातली वर्षे आहेत आणि अंधांच्या संघटनांनी घातलेले हेलपाटे आहेत. शिवाय पट्टीने सगळे भागत नाही, हेही तिथल्या लोकांना ठाऊक आहे. काठ ओलांडताच येऊ नये म्हणून फलाटावर सरकत्या दारांची भिंत उभी करणे हाच खरा उपाय. टोकियोच्या भुयारी रेल्वेत नाम्बोकु मार्गावर ती १९९१ मध्येच आली, शहराला वळसा घालणाऱ्या यामानोते मार्गावर २०१० मध्ये एबिसु स्थानकापासून तिची सुरुवात झाली. पण जुनी, अरुंद, वळणावर बांधलेली स्थानके पुष्कळ आहेत आणि काम अजून सरलेले नाही. सर ज्या फलाटावर दारे नसत तिथे माझे कोपर पुन्हा घट्ट धरत, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

शहर केवळ पायालाच सांगते असे नाही. मोठ्या चौकांत रस्ता ओलांडण्याचा हिरवा दिवा लागला की एका दिशेला पिलाची चिवचिव ऐकू येते आणि दुसऱ्या दिशेला कोकिळेसारखी साद, त्यामुळे कोणता रस्ता मोकळा झाला ते कानाला कळते. फलाटावरून वर जाणाऱ्या जिन्यापाशी पक्ष्यांचा आवाज ठेवलेला असतो आणि मी तो शोभेचा समजून चाललेही होते. स्वच्छतागृहाच्या दाराशी पुरुषांसाठी कोणती बाजू आणि स्त्रियांसाठी कोणती, हे एक आवाज सतत सांगत राहतो. जिन्याच्या कठड्यावर, जिथे हात आपोआप पडतो नेमक्या त्याच जागी, ब्रेलची छोटी पट्टी असते आणि हा जिना कुठल्या फलाटाला जातो ते तिच्यावर असते.

त्या ब्रेलची गंमत थोडी सविस्तर सांगायला हवी. सहा ठिपके सगळ्या जगात सारखेच, पण भाषेप्रमाणे त्यांची अक्षरे बदलतात. एका रात्री दुकानातून पाण्याची बाटली घेताना सरांच्या हाताला शेजारचा एक डबा लागला, त्याच्या झाकणावर ठिपके होते. त्यांनी बोट फिरवून मराठीप्रमाणे वाचले, तर "इ, ज्ञ, ड" असे निघाले. त्याचा काही केल्या अर्थ लागेना. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंनी हसत उलगडा केला की तिथे "ओ-सा-के" लिहिलेले असते, म्हणजे दारू, आणि अंध माणसाने सरबत समजून बिअर पिऊ नये म्हणून बऱ्याच डब्यांवर ते असते. सरांनी आयुष्यात कधी मद्याला स्पर्श केलेला नव्हता. तो असा घडला.

पण त्यावरून ते गप्प बसले नाहीत. त्यांनी बाईंकडून जपानी ब्रेलची पूर्ण मांडणी समजून घेतली आणि जेवणाची वेळ त्यातच गेली. कुराजी इशिकावा या टोकियोच्या अंध-मूकबधिर शाळेतील शिक्षकाने बसवलेली ही लिपी १ नोव्हेंबर १८९० रोजी स्वीकारली गेली. तिच्यात वरच्या डाव्या बाजूच्या तीन ठिपक्यांवर अ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर लिहितात आणि उरलेल्या तीन ठिपक्यांनी त्यांना व्यंजन जोडतात. म्हणजे एकाच घरात स्वर वर आणि व्यंजन खाली. "ही तर आपली बाराखडीच," सर म्हणाले, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते, कारण जपानी वर्णमालेचा अ, का, सा, ता, ना हा क्रमच बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णांच्या अभ्यासातून तिथे गेलेला आहे. तासाभरात सरांना स्थानकांवरची साधी नावे अडखळत का होईना वाचता येऊ लागली. मी मात्र आठ दिवसांनंतरही फलकांवरच्या जपानी अक्षरांपुढे निरक्षरच होते, आणि त्या शहरात आम्हा दोघांमध्ये साक्षर कोण, हा प्रश्न मला तेव्हा पडला.

बाकीच्या लहानसहान गोष्टी ओझरत्या सांगते. जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटांवर हाताला लागणाऱ्या तिरप्या रेघा आहेत. दहा हजार येनच्या नोटेवर त्या डाव्या-उजव्या कडेला, पाच हजारच्या नोटेवर वर आणि खाली, हजारच्या नोटेवर समोरासमोरच्या कोपऱ्यांत. शाम्पूच्या बाटलीवर खाचा असतात, कंडिशनरच्या बाटलीवर नसतात. काओ या कंपनीने १९९१ मध्ये हे सुरू केले आणि इतरांनीही ते उचलले. डोळ्यांत फेस गेलेल्या डोळस माणसालाही त्याचा तेवढाच उपयोग होतो, हे अनुभवाने सांगते.

एका गोष्टीपाशी मात्र मी बराच वेळ रेंगाळले. रस्ता ओलांडण्याच्या जागी पदपथ उतरता होऊन रस्त्याला मिळतो, पण पूर्ण सपाट होत नाही. दोन सेंटीमीटरची कड मुद्दाम ठेवलेली असते. चाकाच्या खुर्चीवाल्याला ती कड अजिबात नको असते आणि काठीवाल्याला ती हवीच असते, नाहीतर पदपथ संपून रस्ता कधी सुरू झाला ते त्याला कळतच नाही. दोघांनाही पुरते समाधान न देणारी, पण दोघांनाही चालवून घेता येईल अशी ती दोन सेंटीमीटर. परिषदेत सर्वसमावेशकता या शब्दाचा घोष मी पाच दिवस ऐकला. त्या शब्दाचा अर्थ मला त्या कडेवर बूट टेकवून उभी राहिल्यावर लागला, असे म्हटले तर व्यासपीठावरच्या विद्वानांनी रागावू नये.

परिषदेचा विषय निघालाच आहे, तर तिथल्याही दोन गोष्टी नोंदवते, नाहीतर कौतुकाच्या भरात आपल्या लेखकांनी एकच बाजू सांगितली, तेच माझ्याकडूनही घडेल. आयोजकांचे नाव घेण्याची गरज नाही. माणसे कष्टाळू होती आणि हेतू चांगला होता. परंतु सभागृहाच्या दर्शनी दालनात, दारापासून लिफ्टपर्यंत नीट गेलेल्या पिवळ्या पट्टीवरच, बरोबर मध्यावर, नावनोंदणीची लांबलचक टेबले मांडलेली होती. सर पट्टी धरून आत्मविश्वासाने चालत आले आणि त्यांची काठी टेबलाच्या लोखंडी पायावर खणकन आपटली. टेबलामागच्या तरुणीने तीन-तीनदा वाकून क्षमा मागितली, टेबले मात्र पाचही दिवस तिथेच राहिली. दुसरी गोष्ट याहून गंभीर. प्रतिनिधींना आधी पाठवलेली कार्यक्रमपत्रिका ही छापील पानांची नुसती छायाचित्रे होती. सरांच्या संगणकातला वाचक आवाज तिच्यापुढे मुका झाला, कारण त्याला वाचायला अक्षरेच नव्हती, चित्र होते. वाचू न शकणाऱ्यांसाठीच्या परिषदेची पत्रिका त्यांनाच वाचता येऊ नये, याला काय म्हणावे? आम्ही तक्रार केली, दुसऱ्या दिवशी नवी प्रत आली, पण पहिल्या दिवशी कोणत्या दालनात काय आहे ते मी सरांच्या कानाशी पुटपुटत बसले होते.

आणि आम्ही प्रतिनिधी तरी कसे होतो? मधल्या सुटीत चाळीस-पन्नास माणसे चहाचे कप घेऊन त्या पट्टीवरच घोळक्याने उभी असत. सुटकेस पट्टीवर, छायाचित्रे पट्टीवर, सुगम्यतेवरची चर्चाही पट्टीवर. दुसऱ्या दिवसापासून मी कोपराने वाट काढण्याचा निर्लज्जपणा शिकले.

शहरही निर्दोष नाही. स्थानकांबाहेर पिवळ्या पट्टीवर सायकली लावून ठेवलेल्या दिसतात आणि सरांची काठी त्यांच्या हँडलमध्ये दोनदा अडकली. काही चकचकीत नव्या इमारतींनी पिवळा रंग डोळ्यांना खुपतो म्हणून राखाडी दगडावर राखाडी किंवा पोलादी ठिपके बसवले आहेत. पूर्ण अंधाला ते चालतात, अंधुक दिसणाऱ्याला ते नसल्यासारखेच. चौकांतली ती चिवचिव आणि साद अनेक ठिकाणी रात्री बंद ठेवतात, कारण शेजारच्या रहिवाशांची झोपमोड होते. रहिवाशांचे चुकते असेही म्हणवत नाही. पण रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या अंध माणसाने त्या चौकात काय करावे, हा प्रश्न आम्हाला भेटलेल्या दोन अंध गृहस्थांनी स्वतःहून काढला होता. शिबुयाच्या त्या जगप्रसिद्ध चौकात, जिथे एकाच वेळी चहूबाजूंनी माणसे रस्त्यात उतरतात, सर पहिल्यांदाच हतबल झालेले मी पाहिले. भोवतालच्या मोठ्या पडद्यांवरच्या जाहिरातींचा एवढा गलका होता की त्यांना कोणताच आवाज वेगळा काढता येईना. प्रवासी हा चौक पाहायला मुद्दाम येतात. सर म्हणाले, "इथून चला."

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर एक जुनी वास्तू आहे आणि खरे तर तिच्यासाठीच आम्ही शिबुयाला गेलो होतो. हानावा होकिइची या अंध पंडिताने संकलित केलेल्या प्राचीन ग्रंथांचे छपाईचे ठसे तिथे जपून ठेवले आहेत. १७४६ मध्ये एका खेड्यात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच अंध झाला, पोरवयात एदोला, म्हणजे तेव्हाच्या टोकियोला आला, त्या काळी अंधांना नेमून दिलेल्या मालिश आणि संगीत अशा विद्यांत त्याचे मन रमले नाही, आणि दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन, केवळ कानाने आणि स्मरणाने, तो देशातला मोठा विद्वान झाला. विखुरलेले जुने ग्रंथ शोधून, तपासून, त्यांचा "गुन्शो रुइजू" हा प्रचंड संग्रह त्याने छापायला घेतला आणि १८१९ मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षे आधी, तो पुरा केला. त्यासाठी कोरलेले चेरीच्या लाकडाचे १७,२४४ ठसे १९२३ चा भूकंप आणि नंतरची बॉम्बफेक यांतून वाचले आहेत. १९३७ मध्ये हेलन केलर तिथे येऊन गेल्या. लहानपणी त्यांच्या आईने त्यांच्यापुढे याच माणसाचा आदर्श ठेवला होता.

तेथील वृद्ध गृहस्थांनी एक ठसा सरांच्या हाती दिला. सरांनी दोन्ही अंगठे कडेला टेकवून बोटे फिरवली, थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग विचारले, "ही अक्षरे उलटी आहेत ना?" गृहस्थ चकित झाले, कारण सरांना जपानी येत नव्हते. मला मात्र उमगले. ब्रेल पाटीवर लिहिताना कागदाच्या मागच्या बाजूने, उजवीकडून डावीकडे, उलटी अक्षरे टोचावी लागतात आणि कागद फिरवल्यावर ती सुलटी होतात. आयुष्यभर असे उलटे लिहिलेल्या माणसाला, कोरीव रेघांचा कल कुठे आहे यावरून, हा ठसा आहे आणि त्याचे सुलटे रूप कागदावर असणार, हे बोटांनीच सांगितले. मग त्या गृहस्थांनी होकिइचींची सांगोवांगीची गोष्ट ऐकवली. रात्री ते शिष्यांना शिकवत असताना वाऱ्याने दिवा विझला आणि शिष्य धांदलले, तेव्हा पाठ न थांबवता ते हसून म्हणाले, डोळे असलेल्यांची किती गैरसोय होते! दुभाष्यामार्फत गोष्ट पोहोचायला वेळ लागला, त्यामुळे सर सगळ्यांच्या नंतर हसले आणि सगळ्यांत जास्त वेळ हसत राहिले.

संपादक महाशय, माझी विनंती दोन गोष्टींची आहे. त्या छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती पुढच्या रविवारी, त्याच पुरवणीत, वाचकांच्या नजरेस पडेल अशा जागी छापावी आणि तीत सेइइची मियाके यांचे नाव यावे. दुसरे असे की, ती दुरुस्ती आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावरील लेखातही करावी आणि छायाचित्रात काय आहे याचे वर्णन चित्रासोबत शब्दांत जोडावे. सध्या त्या जागी वाचक आवाजाला केवळ "चित्र" एवढाच शब्द सापडतो, आणि आपले दैनिक रोज सकाळी अशा पद्धतीने ऐकणारे वाचक माझ्या ओळखीचेच बरेच आहेत.

आपली विश्वासू,
एक ग्रंथालय कार्यकर्ती

ता. क. : हे पत्र पाठवण्यापूर्वी मी सरांना वाचून दाखवले. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. सायकलीच्या हँडलमध्ये त्यांची काठी दोनदा नव्हे, तीनदा अडकली होती. तिसऱ्या वेळी मी दुकानाच्या काचेतले पंखे पाहत उभी होते.